सर्व्हर जेव्हा फाइल होतो

व्यवसायासाठी सर्व्हर, म्हणजे इतर संगणकांना सेवा पुरवणारा संगणक, घ्यायचा ठरला की हल्ली पहिला प्रश्न येतो तो असा : प्रत्यक्ष घ्यायचा की आभासी? या प्रश्नाची मांडणीच थोडी फसवी आहे. आभासी सर्व्हरही शेवटी कुठल्यातरी खऱ्या यंत्रावरच चालतो. वीज, उष्णता आणि बिघडणाऱ्या डिस्क यांच्यापासून त्याची सुटका नसते. मात्र पारंपरिक पद्धतीत सर्व्हर आणि त्याचे यंत्र ही एकच वस्तू असते, तर आभासी पद्धतीत या दोहोंची फारकत होते आणि सर्व्हर ही यंत्रावर ठेवलेली एक फाइल बनते. आभासी सर्व्हरचे जवळपास सगळे फायदे या फारकतीतून निघतात आणि, विक्रीच्या माहितीपत्रकात हे सहसा छापलेले नसते, जवळपास सगळे धोकेही तिथूनच निघतात.

आधी पारंपरिक सर्व्हर पाहू. तोही संगणकच असतो, पण वर्षानुवर्षे अखंड चालावा अशा बेताने बांधलेला. त्यात बहुधा दोन पॉवर सप्लाय असतात, म्हणजे एक जळाला तरी यंत्र बंद पडत नाही. एक डिस्क गेली तरी माहिती शाबूत राहावी म्हणून अनेक डिस्क ‘रेड’ (RAID) नावाच्या पद्धतीने एकत्र जोडलेल्या असतात. आणि मेमरीतला एखादा बिट चुकून उलटला तर तो ओळखून दुरुस्त करणारी ईसीसी मेमरी असते. अशा यंत्रावर एक ऑपरेटिंग सिस्टिम थेट बसवली जाते आणि यंत्राचा सगळा कारभार तिच्या एकटीच्या हाती राहतो.

एका सर्व्हरवर शक्यतो एकच काम ठेवायचे, ही सवय उधळपट्टीतून आलेली नाही. हिशेबाच्या सॉफ्टवेअरला एखाद्या लायब्ररीची (इतर प्रोग्राम वापरतात अशा तयार कोडची) जुनी आवृत्ती लागते आणि मेल सर्व्हरला नवी. एकाच्या अपडेटसाठी यंत्र रीस्टार्ट केले की दुसऱ्याचेही काम थांबते. एक सॉफ्टवेअर मेमरी अडवून बसले की शेजारचे गुदमरते. आणि काही बिघडलेच तर दोन्ही विक्रेते एकमेकांकडे बोट दाखवतात. म्हणून प्रत्येक कामाला स्वतंत्र यंत्र, तेही पुढच्या चार-पाच वर्षांची वाढ गृहीत धरून मोठ्या क्षमतेचे घ्यायचे, असा रिवाज पडला. परिणामी यंत्रे बहुतेक वेळ रिकामीच बसू लागली, आणि रिकामे बसलेले यंत्र फुकट बसत नाही. लुईझ बारोसो आणि उर्स हॉल्झले या गूगलच्या अभियंत्यांनी २००७ साली दाखवून दिले, की सर्व्हर बहुतेक काळ आपल्या क्षमतेच्या १० ते ५० टक्के एवढ्याच भारावर चालतात आणि अजिबात काम नसलेला सर्व्हरही पूर्ण भाराच्या सुमारे निम्मी वीज घेत राहतो. त्यानंतरच्या यंत्रांनी ही तफावत कमी केली असली, तरी जागा, वातानुकूलन आणि देखभाल यांचा खर्च यंत्र रिकामे आहे म्हणून कमी होत नाही.

आभासी पद्धतीत यंत्र आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांच्यामध्ये एक थर घातला जातो. त्याला हायपरव्हायजर म्हणतात. हा थर एकाच यंत्राचे अनेक देखावे उभे करतो आणि प्रत्येक देखाव्याच्या आत बसलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमला असे वाटत राहते, की समोरचा प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क आपल्या एकट्याचीच आहे. एका देखाव्यात लिनक्स असेल, शेजारी विंडोज असेल, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नसेल. हा प्रत्येक देखावा म्हणजे एक व्हर्च्युअल मशीन, म्हणजेच आपला आभासी सर्व्हर.

ही किमया साधते कशी, हे थोडे सविस्तर सांगण्याजोगे आहे, कारण ‘आभासी म्हणजे हळू’ हा समज कुठून आला आणि तो आता कितपत खरा आहे, हे त्यातूनच उलगडते. प्रोसेसरला दिल्या जाणाऱ्या सूचना ढोबळमानाने दोन प्रकारच्या असतात. बेरीज-वजाबाकीसारख्या साध्या सूचना कोणताही प्रोग्राम देऊ शकतो. पण मेमरीची वाटणी बदलणे किंवा एखाद्या उपकरणाचा ताबा घेणे, अशा सूचना फक्त विशेषाधिकार असलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमलाच देता येतात. हायपरव्हायजर तो विशेषाधिकार स्वतःकडे ठेवतो. आतल्या ऑपरेटिंग सिस्टिमने अशी सूचना दिली की प्रोसेसर ती अडवतो आणि नियंत्रण हायपरव्हायजरकडे सोपवतो. हायपरव्हायजर त्या सूचनेचा परिणाम फक्त त्या देखाव्यापुरता घडवून आणतो आणि काम पुढे चालू होते. साध्या सूचना मात्र मध्यस्थाशिवाय थेट प्रोसेसरवर पळतात.

कल्पना नवी नाही. आयबीएमच्या अमेरिकेतील केंब्रिज येथील संशोधन केंद्रात १९६० च्या दशकातच मेनफ्रेमवर, म्हणजे त्या काळच्या अवाढव्य संगणकावर, हा प्रयोग झाला होता आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० या नावाने तो बाजारातही आला. १९७४ मध्ये जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी अशा व्यवस्थेसाठी प्रोसेसरमध्ये कोणता गुण हवा हे काटेकोरपणे मांडले : यंत्राच्या मूळ स्थितीला हात घालणारी किंवा ती स्थिती उघडी पाडणारी प्रत्येक सूचना अडवता आली पाहिजे. अडचण अशी, की पुढे कार्यालयोकार्यालयी पोहोचलेल्या एक्स८६ घराण्याच्या प्रोसेसरमध्ये नेमका हाच गुण नव्हता. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात याच घराण्यातल्या पेंटियम प्रोसेसरच्या अशा १७ सूचना आढळल्या, ज्या विशेषाधिकाराशिवाय दिल्या तरी अडत नव्हत्या. त्या निमूटपणे वेगळाच परिणाम देऊन पुढे जात आणि हायपरव्हायजरला त्याची खबरही लागत नसे. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने यावर काढलेला तोडगा चतुर होता. आतल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सूचना चालू असतानाच वाचायच्या आणि त्रासदायक सूचनांच्या जागी निरुपद्रवी सूचना लिहायच्या, असा तो मार्ग होता. इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात तयार झालेल्या झेन या हायपरव्हायजरने २००३ मध्ये दुसरी वाट धरली आणि आतल्या ऑपरेटिंग सिस्टिममध्येच बदल करून तिला आपल्या खऱ्या परिस्थितीची जाणीव करून दिली.

या दोन्ही मार्गांत वेगाची थोडी किंमत मोजावी लागत होती आणि ‘आभासी म्हणजे हळू’ हा समज त्या काळातला आहे. इंटेलने २००५ च्या अखेरीस आणि एएमडीने २००६ मध्ये प्रोसेसरमध्येच आभासीकरणाची सोय आणली. त्यानंतर मेमरीच्या पत्त्यांचे दुहेरी रूपांतरही (आधी देखाव्यातल्या आणि तिथून खऱ्या मेमरीच्या पत्त्यात) प्रोसेसरच करू लागला. २००७ पासून लिनक्सच्या गाभ्यातच केव्हीएम हा हायपरव्हायजर समाविष्ट झाला. आज निव्वळ गणनेच्या कामात आभासी आणि प्रत्यक्ष सर्व्हरमधला फरक सहसा जाणवण्याइतका नसतो. डिस्क आणि नेटवर्क यांची सतत, बारीक बारीक तुकड्यांत ये-जा असलेल्या कामांत तो अजूनही जाणवू शकतो.

आता त्या फाइलकडे वळू. आभासी सर्व्हरची डिस्क म्हणजे मोठ्या स्टोरेजवरची एक फाइल असते आणि त्याला किती प्रोसेसर, किती मेमरी, कोणते नेटवर्क कार्ड, हे सांगणारी दुसरी एक छोटी फाइल असते. काही व्यवस्थांत फाइलऐवजी स्टोरेजचा स्वतंत्र भाग वापरतात, पण तत्त्व तेच. फाइलची नक्कल करता येते, म्हणजे सर्व्हरचीही करता येते. नव्या आवृत्तीची चाचणी घ्यायची असेल तर चालत्या सर्व्हरची प्रत काढून ती वेगळ्या नेटवर्कवर सुरू करायची आणि तिच्यावर हवे ते प्रयोग करायचे. प्रत्यक्ष सर्व्हरसाठी मागणी, मंजुरी, खरेदी, जोडणी असे आठवडे जातात. आभासी सर्व्हर आधीच बनवून ठेवलेल्या नमुन्यावरून काही मिनिटांत उभा राहतो. आणि यंत्र जुने झाले तर फाइल नव्या यंत्रावर हलवायची. आतल्या ऑपरेटिंग सिस्टिमला तिथेही पूर्वीचेच आभासी नेटवर्क कार्ड आणि पूर्वीचीच आभासी डिस्क दिसते, त्यामुळे ड्रायव्हरची, म्हणजे उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची, कटकट उरत नाही. एखाद्या छोट्या कार्यालयात एकच सर्व्हर असला तरीही तो हायपरव्हायजरवर ठेवावा, असे माझे मत आहे, ते याच कारणासाठी. तिथे बचत काही होत नाही, पण यंत्र अचानक निकामी झाले तर मिळेल त्या यंत्रावर बॅकअपमधून सर्व्हर उभा करता येतो.

एवढेच काय, चालू सर्व्हरही एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेता येतो. आधी त्याची सगळी मेमरी नव्या यंत्रावर पाठवली जाते. पाठवताना मूळ सर्व्हर काम करतच असल्यामुळे मेमरीची काही पाने (म्हणजे तिचे छोटे तुकडे) दरम्यान बदलतात, म्हणून बदललेली पाने पुन्हा पाठवली जातात. असे करत करत उरलेली पाने मोजकीच राहिली, की सर्व्हर क्षणभर थांबवून तेवढी पाठवायची आणि पलीकडे सुरू करायचा. झेनवर हे तंत्र मांडणाऱ्या २००५ च्या शोधनिबंधात हा थांबा ६० मिलिसेकंदांपर्यंत खाली आला होता, आणि आतमध्ये लोक खेळत असलेला एका संगणकीय खेळाचा सर्व्हर चालू होता. यंत्राची मेमरी बदलायची आहे म्हणून मध्यरात्री कामावर येण्याची वेळ कित्येकांच्या आयुष्यातून या एका तंत्राने घालवली आहे.

तिसरी सोय स्नॅपशॉटची, आणि तिच्याविषयी सावध करणे भाग आहे. स्नॅपशॉट घेतला की डिस्कची मूळ फाइल गोठवली जाते आणि त्यानंतरचे सगळे बदल एका वेगळ्या फाइलमध्ये लिहिले जातात. अपडेट फसले तर ती वेगळी फाइल टाकून द्यायची, की सर्व्हर पूर्वीच्या क्षणी परत. अनेकजण यालाच बॅकअप समजतात. तो बॅकअप नव्हे, कारण मूळ फाइल आणि बदलांची फाइल एकाच स्टोरेजवर असतात, एकमेकींवर अवलंबून असतात आणि स्टोरेज गेले की दोन्ही जातात. शिवाय बदलांची फाइल वाढतच राहते. विसरलेला स्नॅपशॉट काही महिन्यांत स्टोरेज तुडुंब भरवतो आणि मग त्या स्टोरेजवरचे इतर निरपराध सर्व्हरही ठप्प होतात. एकच स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नये, असे खुद्द व्हीएमवेअरचेच मार्गदर्शन आहे.

फाइल असण्याची दुसरी बाजू इथून सुरू होते. जी सहज बनवता येते ती सहज साचते. चाचणीसाठी बनवलेले, नंतर कोणालाच नको असलेले सर्व्हर चालूच राहतात, त्यांना सुरक्षेचे अपडेट मिळत नाहीत आणि त्यांचा मालक कोण हेही कोणाला आठवत नाही. जिची नक्कल करता येते ती चोरताही येते : प्रत्यक्ष सर्व्हर पळवायला दरवाजा फोडावा लागतो, पण आभासी सर्व्हरची आख्खी डिस्क व्यवस्थापकाचा पासवर्ड मिळालेला माणूस दुरूनही उतरवून घेऊ शकतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये ईएसएक्सआयआर्ग्स नावाने ओळखल्या गेलेल्या खंडणीखोर हल्ल्याने हेच तत्त्व वापरले. व्हीएमवेअरच्या हायपरव्हायजरमधील ज्या त्रुटीवर दोन वर्षांपूर्वीच दुरुस्ती उपलब्ध होती, तिच्यातून शिरून हल्लेखोरांनी आभासी सर्व्हरच्या फायलीच कूटबद्ध केल्या. प्रत्येक सर्व्हरमध्ये वेगळे शिरण्याची गरजच उरली नाही.

एका देखाव्यातून दुसऱ्यात शिरणे तुलनेने दुर्मीळ आहे, पण अशक्य नाही. २०१५ मध्ये व्हेनम नावाची जी त्रुटी सापडली, ती कोणी वापरतही नसलेल्या आभासी फ्लॉपी ड्राइव्हच्या कोडमध्ये होती. आणि २०१८ च्या जानेवारीत जाहीर झालेल्या मेल्टडाउन व स्पेक्टर या त्रुटी तर प्रोसेसरच्या रचनेतच होत्या. त्यामुळे अत्यंत संवेदनशील माहिती असलेला सर्व्हर अनोळखी शेजाऱ्यांसोबत एका यंत्रावर ठेवू नये, हा आग्रह अवाजवी म्हणता येत नाही.

शेजाऱ्यांचा आणखी एक त्रास वेगाचा. एका यंत्रावरच्या सर्व्हरना वाटून दिलेल्या आभासी प्रोसेसरांची बेरीज खऱ्या प्रोसेसरांपेक्षा जास्त असणे हे सर्वसामान्य आहे, कारण सगळ्यांना एकाच क्षणी काम नसते. असते तेव्हा रांग लागते. लिनक्समध्ये ‘टॉप’ ही आज्ञा दिली की ‘एसटी’ या खुणेपुढे एक टक्केवारी दिसते : आपल्या सर्व्हरला काम करायचे होते, पण प्रोसेसर दुसऱ्याकडे होता, असा तो वेळ. भाड्याने घेतलेला सर्व्हर विनाकारण रेंगाळत असेल तर पहिली नजर या आकड्यावर टाकावी. आपल्याच यंत्रावर मात्र उलट चूक जास्त आढळते : सर्व्हर हळू वाटला की त्याला चारऐवजी आठ प्रोसेसर दिले जातात. गरज नसताना दिलेल्या प्रोसेसरांमुळे हायपरव्हायजरला वेळेची वाटणी करणे अधिक कठीण होते आणि सर्व्हर आणखी मंदावू शकतो.

किती यंत्रे वाचतील, याचा हिशेब प्रोसेसरवरून मांडला जातो. व्यवहारात अडते ते मेमरीपाशी. प्रोसेसरचा वेळ क्षणाक्षणाला वाटता येतो, पण मेमरीतली माहिती तिथेच राहावी लागते. समजा, प्रत्येकी १६ जीबी मेमरीचे १२ सर्व्हर आहेत आणि त्यांचा प्रोसेसर जेमतेम ८ टक्के वापरला जातो. प्रोसेसरच्या हिशेबाने सगळे एका यंत्रात मावतात. मेमरीच्या हिशेबाने १९२ जीबी लागतील आणि वर हायपरव्हायजरचा वाटा. पण सगळे एकाच यंत्रावर ठेवले तर त्याच्या एका बिघाडात बाराही सर्व्हर एकदम जातील, जे पूर्वी कधीच झाले नसते. म्हणून दोन यंत्रे घ्यावी लागतात, आणि एक पडल्यावर दुसऱ्याने सगळ्यांचा भार पेलायचा असल्यामुळे दोन्हींत २५६-२५६ जीबी हवी. दोन्ही यंत्रांना त्याच फायली दिसल्या पाहिजेत, म्हणून सामायिक स्टोरेज किंवा फायलींची अखंड प्रतिकृती ठेवणारी व्यवस्था लागते. बाराची दोन यंत्रे झाली, ही बचत खरी; पण ती दोन यंत्रे महागडी असतात आणि तिसरी महागडी वस्तू स्टोरेज ही असते. माहितीपत्रकातला ‘बाराचे एक’ हा हिशेब ज्याला बिघाड कधीच होत नाही अशा यंत्रापुरता खरा आहे.

यंत्र पडल्यावर दुसऱ्या यंत्रावर सर्व्हर आपोआप सुरू होण्याच्या सोयीबद्दलही गैरसमज आहे. ती सोय पडलेला सर्व्हर नव्याने सुरू करते. म्हणजे विजेचा झटका बसून रीस्टार्ट झाल्यासारखेच ते असते. काही मिनिटांचा खंड पडतो आणि डिस्कवर न लिहिलेली माहिती जाते. दोन्ही यंत्रे धडधाकट असताना केलेल्या चालत्या स्थलांतराशी त्याची गल्लत करू नये. आणखी एक खाचखळगा अनुभवी लोकांनाही चकवतो : लॉगिन तपासणारा आणि नेटवर्कवरच्या यंत्रांच्या नावांवरून त्यांचे पत्ते सांगणारा सर्व्हर आभासी केलेला असतो आणि हायपरव्हायजरच्या व्यवस्थापनात शिरायलाही तोच लागतो. वीज जाऊन सगळे एकदम बंद पडले, की कुलपाची किल्ली कुलूप लावलेल्या खोलीतच राहते. हायपरव्हायजरचे एक स्वतंत्र खाते आणि त्याचा पत्ता कागदावर लिहून तिजोरीत ठेवणे, हा यावरचा साधा उपाय आहे.

खर्चाच्या बाजूला लायसन्स हा भाग सर्वांत दुर्लक्षित राहतो. विंडोज सर्व्हरचे लायसन्स २०१६ च्या आवृत्तीपासून यंत्रातील प्रोसेसर कोअरवर (प्रोसेसरमधल्या स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागांवर) मोजले जाते आणि प्रत्येक यंत्रासाठी किमान १६ कोअरचे घ्यावे लागते. स्टँडर्ड आवृत्तीत त्यावर दोन आभासी विंडोज सर्व्हर चालवता येतात, डेटासेंटर आवृत्तीत हवे तेवढे. म्हणजे यंत्र निवडताना कोअर जास्त घेतले की लायसन्सचा खर्चही त्या प्रमाणात वाढतो. हायपरव्हायजर विकणाऱ्या कंपनीवरचे अवलंबित्वही हिशेबात धरावे लागते : नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी लायसन्सची विक्री थांबवून वर्गणीची पद्धत आणली. तेव्हापासून केव्हीएमवर आधारलेल्या मुक्त पर्यायांची आणि मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीची चर्चा वाढली, ती केवळ हौसेपोटी नव्हे.

क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणारी संगणकसेवा, आणि आभासी सर्व्हर हे एकच नव्हेत, हेही इथेच स्पष्ट करतो. ॲमेझॉनने २००६ मध्ये झेनच्या आधारावर आभासी सर्व्हर तासाच्या हिशेबाने भाड्याने द्यायला सुरुवात केली. तंत्र तेच, फक्त यंत्र दुसऱ्याचे. ज्या कामाचा भार चढउताराचा आहे त्याला भाडे परवडते. चोवीस तास सारखाच भार असलेल्या कामाला वर्षानुवर्षे भाडे भरणे स्वतःच्या यंत्रापेक्षा महाग पडू शकते.

मग प्रत्यक्ष सर्व्हर कोणासाठी उरला? ज्या डेटाबेसला एका यंत्राची सगळी ताकद सतत लागते, त्याला शेजारी देता येत नाही, आणि शेजारी नसेल तर वाटणीतून होणारी बचतही नाही. जिथे मायक्रोसेकंदांचा फरक महत्त्वाचा आहे, जिथे एखादे खास कार्ड थेट यंत्राला जोडलेले असावे लागते, किंवा जिथे सॉफ्टवेअरचा विक्रेता आभासी सर्व्हरवर मदत द्यायलाच नकार देतो, तिथे प्रत्यक्ष सर्व्हर हेच सरळ उत्तर आहे. बॅकअपचा सर्व्हरही मी वेगळ्या प्रत्यक्ष यंत्रावर, वेगळ्या पासवर्डखाली ठेवीन. ज्या स्टोरेजच्या बिघाडातून वाचायचे आहे, त्याच स्टोरेजवर बॅकअप ठेवण्यात अर्थ नाही.

निर्णयाआधी जुन्या सर्व्हरचा वापर किमान एक महिना नोंदवावा, आणि तो काळ महिनाअखेरीचा ताण सामावून घेणारा असावा. सरासरीवर विसंबून घेतलेली यंत्रे नेमकी पगारपत्रके निघण्याच्या दिवशी कमी पडतात. प्रत्यक्ष सर्व्हरचे आभासी सर्व्हरमध्ये रूपांतर करणारी साधने सहज मिळतात. रूपांतर झाल्यावर जुन्या यंत्राची नेटवर्कची वायर काढल्याशिवाय नवा सर्व्हर सुरू करू नये, कारण एकाच नावाचे आणि एकाच पत्त्याचे दोन सर्व्हर एकाच वेळी चालू राहिले, तर काही नोंदी एकात आणि काही दुसऱ्यात जातात आणि त्या नंतर जुळवणे फार जिकिरीचे होते. जुने यंत्र मात्र लगेच मोडीत काढू नये. पुढची महिनाअखेर नव्या सर्व्हरवर सुरळीत पार पडेपर्यंत ते बंद अवस्थेत, पण जागेवरच असू द्यावे.